झोळीचं धान्य

आमच्या चर्चच्या बायकांना द्यायला शिकवावं लागलं, असं मी म्हणाले की आजकालच्या पोरी हसतात. देण्यात काय शिकायचं असतं मावशी, म्हणतात, हात पुढं केला की झालं. मी म्हणते, बसा इथं, सांगते. मला घाई न्हाई, तुम्हाला असली तर तुमचं तुम्ही बघा.

माझं माहेर नांदेड. गोदावरीच्या काठची मी. इकडं विष्णुपुरीला धरण बांधून राहिले होते आणि तेव्हाच बापानं मला उदगीरला देऊन टाकलं, जिथं एका घागरीसाठी बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झालेला. पेढे वाटून झाले होते, फटाके उडवून झाले होते. सासरे म्हणायचे, आता कलेक्टर जवळ आला. कलेक्टर आला, पाऊस तेवढा आला नाही. ओळीनं दुसरं वर्ष होतं ते. कणसं भरलीच नाहीत, कडबा पण गुडघ्याएवढाच आला.

आमची मंडळी काही लई बडी नव्हती. कुणी शाळेत मास्तर, कुणी दवाखान्यात नर्स, कुणी रेल्वेत गँगमन, बाकीचे मोलमजुरी करणारे. सगळ्यांचे आजेपणजे गावाबाहेर राहिलेले. मिशननं शाळा काढली, तिच्यात शिकून आमची माणसं अंगावर धडका कपडा घालायला लागली. तरी गावात आमची ओळख एकच होती, दुधाच्या पावडरीवाले. एके काळी मिशनच्या बंगल्यावर गोऱ्या साहेबाच्या हातानं पावडरीचं दूध वाटायचे, तेव्हापासूनचं हे नाव. माझ्या सासूबाई लहानपणी त्या रांगेत उभ्या राहिलेल्या. पण त्याबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत आणि आम्ही विचारायचो नाही.

आता मुठीचं सांगते, कारण सगळं त्याच्यापासूनच झालं. आमच्या बायकांची रीत अशी की घरात जे रांधायचं असेल, त्यातली एक मूठ आधी देवाची म्हणून मडक्यात टाकायची. जवारी दळायला काढली, एक मूठ. तांदूळ धुवायला घेतले, एक मूठ. डाळ असली तर डाळ. रविवारी मडकं घेऊन चर्चला यायचं आणि मागच्या खोलीतल्या मोठ्या कोठीत उलटं करायचं. कोठीत सगळं एक होऊन जायचं. जवारीत तांदूळ, तांदळात तूर, तुरीत गहू. कापणीच्या सणाला त्या धान्याचा लिलाव व्हायचा आणि कोंबड्या पाळणारा कुणीतरी ते घेऊन जायचा. एवढ्या बायकांची भक्ती शेवटी कोंबड्यांच्या पोटात जायची, पण देवानं कधी तक्रार केली नाही.

त्या वर्षी आमच्याकडं नवे पाळकसाहेब आले होते. जवान माणूस, उत्साह लई. वरच्या मंडळींकडून पत्र आलं होतं की आफ्रिकेत मोठा दुष्काळ पडलाय, माणसं मरून राहिलीत, प्रत्येक चर्चनं दान काढावं आणि जगातल्या गरिबीचा अभ्यास करावा. मग एक म्हातारे पंच उठले. म्हणाले, "साहेब, आमच्याच चुलीत मांजर निजलंय." पाळकसाहेब म्हणाले, "आपण लोकांचं खाल्लंय ना? मग आता आपली पाळी." खाल्लं तर होतंच.

मग दर शुक्रवारी दुपारी बायकांचा अभ्यास सुरू झाला. भिंतीवर जगाचा नकाशा, हातात छडी. पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, गरीब कोण? एक बाई म्हणाली, आम्हीच की. सगळ्या हसल्या. पाळकसाहेबांनी सासूबाईंकडं बघितलं, त्या स्त्रीमंडळाच्या मुख्य होत्या. सासूबाई म्हणाल्या, "ज्याला मागावं लागतं आणि ज्याच्याकडं कुणीच मागत न्हाई, तो." पाळकसाहेबांना त्याचा पुढचा भाग उमगला नाही. मलाही उमगला नाही, खोटं कशाला बोलू. त्यांनी मान डोलावली आणि छडी पुन्हा आफ्रिकेवर ठेवली.

आणि तेवढ्यात भिंतीमागून खोकला ऐकू आला. म्हातारीचा, कोरडा, थांबता थांबेना असा. आमच्या कंपाउंडच्या मागच्या मैदानात पाझर तलावाच्या कामावरची माणसं पालं ठोकून राहिली होती. देगलूरच्या रस्त्याकडच्या खेड्यांतली. तलावाचं ते काम संपलं होतं, पुढच्या कामाचा हुकूम नव्या जिल्ह्याहून यायचा होता, तोवर थांबा म्हणून सांगितलेलं. थांबून राहिली होती बिचारी. चुली रोज पेटत नव्हत्या, ते आम्हाला खिडकीतून दिसत होतं. पाळकसाहेब दुष्काळाची कारणं सांगून राहिलेले आणि ती म्हातारी खोकून राहिलेली. माझ्या जिभेला हाड न्हाई. मी म्हणाले, "साहेब, आफ्रिका लांब हाय, तिला पोचायला वेळ लागंल. ही भिंतीमागची आधी बघा."

त्यांना राग आला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. तिथंच ठरलं. सणाच्या लिलावाचं दान आफ्रिकेला आणि कोठीतलं धान्य मागच्या मैदानाला. आम्हा बायकांना काय अभिमान वाटला म्हणता. पावडरीवाले आता वाटणार होते.

रविवारी उपासनेनंतर फाटकाजवळ टेबल लावलं, त्याच्यावर पांढरी चादर, बाजूला खोलीतून ओढून आणलेली कोठी. मैदानातल्या लोकांना बोलावलं, रांगेत उभं केलं. पाळकसाहेबांनी डोळे मिटायला लावून प्रार्थना केली. आम्ही एक गीत म्हटलं, चारही कडवी. ऊन रणरणत होतं. मग मापट्यानं एकेकीच्या पदरात धान्य. कुणी शिकवलं नव्हतं आम्हाला हे, आणि तरी सगळं कसं नेमकं जमलं. रांग, टेबल, प्रार्थना, गीत. बंगल्यावर अगदी असंच व्हायचं, हे त्या वेळी आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. सासूबाई तेवढ्या मध्येच उठून घरी गेल्या. मला वाटलं, ऊन लागलं.

बऱ्याच जणींनी खाली मान घालून घेतलं आणि गेल्या. मग एक तिशीतली बाई पुढं आली. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, लुगडं विरलेलं पण धुतलेलं. मी तिच्या पदरात मापटं ओतलं. तिनं त्याच्यात हात घातला, बोटांतून धान्य खाली सोडून बघितलं. जवारी, तांदूळ, तूर, गहू. मग दोन पावलं चालून तिनं सगळा पदर परत कोठीत उलटा केला.

"हे झोळीचं हाय," ती म्हणाली.

मी म्हणाले, "धान्य हाय बाई. चांगलं हाय."

"चांगलं असंल. पन दारोदार मागितल्यावरच असं एकात एक व्हतं. आमी जंगमाच्या झोळीत घालनारी मानसं, झोळीतलं खानारी न्हाई." आणि गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बायकांनी आपल्या लेकरांच्या ताटातून मूठ मूठ काढलेली आणि ही त्याला नाव ठेवते. पोटात न्हाई दाणा आन् म्हणे मला श्रीमंत म्हणा. सोमवारी सकाळी मी तशीच पालावर गेले, चार शब्द सुनवायचेच म्हणून.

पालात एक म्हातारी गोधडीवर बसलेली होती. ती खोकणारी हीच. या बाईची सासू. सगळे तिला अव्वा म्हणायचे. पाय सुजलेले, उठताना सुनेच्या खांद्याचा आधार लागायचा. सून मला बघून बाहेर आली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "भांडायला आलात तर लवकर भांडून घ्या बाई. शनिवारी आमी चाललो."

"कुठं?"

"हैदराबादला. मुकादमाला शब्द दिलाय मालकानं. इमारतीचं काम हाय."

"आन् अव्वा?"

ती चुलीकडं बघत राहिली. चुलीत राखच होती. मग हळू आवाजात म्हणाली, "मुकादम म्हनतो, काम करनारी मानसं पायजेत. म्हातारं मानूस घेनार न्हाई. अव्वा ऱ्हाईल हितंच. देवाच्या दारात बसवू. कोनी ना कोनी वाढंल."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही झोळीचं खाणार न्हाई आणि सासूला मात्र झोळी देऊन बसवणार?"

ती रडायला लागली. आवाज न करता, तोंडात पदर कोंबून. म्हणाली, "काम सुरू व्हईस्तोवर पोटाला मिळालं तर कोन जातंय बाई परमुलखात. पन काल मी पदर पसरायला निघाले, तवाच अव्वानं मला शपथ घातली. म्हनली, माजा लेक झोळीचं खाऊन गावात परत गेला तर लोक पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हनतील. मी एकटी भीक मागंल, माजं किती दिस ऱ्हायलेत. तो न्हाई मागायचा."

मी परत आले. चार शब्द सुनवायचे राहूनच गेले. सासूबाई अंगणात बसल्या होत्या, त्यांना सगळं सांगितलं. मग संध्याकाळी स्त्रीमंडळ बसलं, पाळकसाहेबही आले. एक म्हणाली, धान्य निसून वेगळं वेगळं करू. दुसरी म्हणाली, निसलं तरी देणार तर रांगेतच ना. तिसरीचं म्हणणं, नको त्याला कशाला जबरदस्ती, घेणारे दुसरे लई आहेत. पाळकसाहेब म्हणाले, मी जाऊन समजावतो, अभिमान बरा नव्हे. तेव्हा सासूबाई बोलल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"साहेब, मी त्या दुधाच्या रांगेत उभी राहिलेली हाय. दुधाच्या आधी वचन म्हणावं लागायचं. मला सगळी वचनं पाठ होती, म्हणून साहेब मला पुढं उभं करायचे. माझी आई ते दूध चुलीवर ठेवायची आणि रडायची. का रडते ते मला कळायचं न्हाई, दूध तर गोड लागायचं. त्या बंगल्यातली मड्डम चांगली बाई होती. तिनं आम्हाला सगळं दिलं. पण तिनं आमच्या घरी येऊन कधी मिठाचा खडा मागितला न्हाई. एकदा मागितला असता तर माझी आई रडली नसती." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चल ऊठ. भांडं मागायला जायचंय."

मी म्हणाले, "भांडं कशाला? चर्चची पातेली पडलीत की."

"पडू दे," त्या म्हणाल्या.

आता इथं एक गोष्ट समजून घ्या. अव्वाचं घर लिंगायत शेतकऱ्याचं. आमचे आजे कोण होते, ते सगळ्या मुलखाला माहीत. सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या आईनं शिवलेलं भांडं लोक आगीतून काढून घ्यायचे. अशा घरी जाऊन भांडं मागायचं आणि तिनं नाही म्हटलं तर? मला तीच भीती होती. माझ्यासाठी नव्हे, सासूबाईंसाठी. त्या वयात त्यांनी ते पुन्हा का ऐकावं.

पालाच्या तोंडाशी उभं राहून सासूबाईंनी शेजारणीला मारावी तशी हाक मारली. म्हणाल्या, "अव्वा, रविवारी आमच्याकडं कापणीचा सण हाय. जेवणावळ हाय. भांडं कमी पडून राहिलं. तुमच्याकडं एखादं मोठं असलं तर द्या, सोमवारी आणून देते."

अव्वानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "कुनाच्या वो तुमी?"

"चर्चच्या. आजा गावाबाहेर राहायचा आमचा." सासूबाईंनी काहीच झाकलं नाही.

मागं अव्वाचा लेक खाटेची दोरी आवळत होता, त्याचा हात थांबला. मला तिथून पळून जावं असं वाटलं. अव्वा खोकली, थांबली आणि सुनेला म्हणाली, "ते पितळेचं पातेलं काढ." मग सासूबाईंना म्हणाली, "चिचेनं घासून द्या. राखेनं घासू नका, चरे पडत्यात. माज्या लग्नातलं हाय."

"चिंचेनंच घासते," सासूबाई म्हणाल्या. वाटेनं मी बघितलं तर त्या पातेलं कमरेवर घेऊन हसत होत्या. एका लिंगायतिणीनं त्यांना भांडं घासायची रीत शिकवली, ह्याचाच त्यांना आनंद झालेला. मी म्हणाले, एवढं काय हसायचं. म्हणाल्या, तुला न्हाई कळणार, तू नांदेडची.

सण झाला. पीक नसलेल्या वर्षीचा कापणीचा सण, दोन भोपळे आणि मूठमूठभर शेंगा. तरी लिलाव झाला. एकच भोपळा तीन जणांनी घेतला आणि तीनदा परत दिला, असं करत करत आफ्रिकेचं दान जमलं. त्याच्या आधी तीन-चार दिवस आम्ही बायका कोठीतलं धान्य निसत बसलो होतो. जवारी वेगळी, तांदूळ वेगळा, डाळ वेगळी. बोटं आखडली, तोंडं मात्र चालू होती. सोमवारची वाट बघायला सासूबाई तयार नव्हत्या, शनिवार आधी येत होता. शुक्रवारीच त्या म्हणाल्या, "सणाचा स्वैपाक लवकर करून बघितला असं सांगू." चिंचेनं घासून लख्ख केलेल्या पातेल्यात काठोकाठ जवारी भरली, एकाच जातीची, वर गुळाचा खडा ठेवला आणि आम्ही गेलो.

अव्वानं पातेल्यात बघितलं. तिला सगळं समजलं, माझी खात्री हाय. म्हाताऱ्या बायकांना समजत नाही असं काही नसतं. पण ती एवढंच म्हणाली, "चांगलं घासलंत." आपल्या मुलखात घेतलेलं भांडं रिकामं परत करत नसतात. आणि भरून आलेलं भांडं नको म्हणणं हा देणारीचा अपमान असतो. ती आमचा अपमान कशाला करील? तिनं सुनेला सांगितलं, "ओतून घे. आन् रविवारसाटी पातेलं परत देऊन टाक ह्यास्नी, सन हाय त्यांचा."

शनिवारी हैदराबादची गाडी गेली. मी मुद्दाम स्टेशनाच्या रस्त्यानं भाजीला गेले होते. मुकादमाची माणसं चढताना दिसली, त्यांच्यात अव्वाचा लेक नव्हता. मी भाजी न घेताच घरी आले.

मग आमच्या बायकांना चटकच लागली. कुणी पालावरून परात मागून आणी, कुणी सूप, कुणी रांजणाचं झाकण. रांग नाही, टेबल नाही. ज्या आधी खाली मान घालून घेऊन गेल्या होत्या, त्या आता दारात उभ्या राहून आमच्या बायकांना बजावायला लागल्या, परात आपटू नका, सूप भिजवू नका. गावात चेष्टा झाली की चर्चवाल्यांच्या घरात भांडी उरली नाहीत, सगळी विकून खाल्ली. होऊ दे चेष्टा. पाळकसाहेबांनी शुक्रवारच्या अभ्यासात छडी बाजूला ठेवली आणि विचारलं, आफ्रिकेतल्या बायांकडं आपल्याला काय मागता येईल? नकाशा बघून कुणाला काही सुचेना. त्यांनी तोच प्रश्न वर लिहून पाठवला. त्याचं उत्तर काही आलं नाही, पण प्रश्न बरोबर होता, असं मला आजही वाटतं.

हुकूम आला, काम सुरू झालं. पुढच्या आषाढात माणसं आपापल्या गावाकडं परतायला लागली. अव्वा निघाली त्या दिवशी सासूबाईंना ताप होता, म्हणून मी एकटीच एसटी स्टँडपर्यंत गेले. अव्वाला हातगाड्यावर बसवलं होतं. सून नातवंडांना घेऊन पुढं गेली होती. वाटेत मारुतीच्या देवळाजवळ लेकानं गाडा थांबवला, अव्वाला पाराच्या पायरीवर टेकवलं आणि तिकिटाचं बघायला गेला.

आम्ही दोघीच उरलो. अव्वा पायरीवरून हात फिरवत होती.

"हितं बसनार व्हते मी," ती म्हणाली.

मी म्हणाले, "काय?"

"त्या शनवारी. ल्योक म्हनला व्हता, देवाच्या दारात बसवतो. म्या आधीच काटी टेकत येऊन बगून ठेवलं. दुपारची सावली हाय हितं. मानसं येत्यात-जात्यात." ती थोडी खोकली. "कुनी इचारलं असतं, लेकरं किती, तर सांगनार व्हते, एकबी न्हाई. वांझ हाय म्हनले असते. त्याचं नाव कामून खराब करायचं."

मी नुसती तिच्याजवळ टेकले.

लेक तिकिटं घेऊन आला. अव्वानं डोक्यावर पदर ओढून घेतला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "उचल रं लेकरा मला."